शेवंता, झील पांडुरंग

गोकुळदासला आरतीतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं पुढे कुणाला वाटायला नको. मी एकतर्फीच बोलणार आहे. गोकुळदास माझा मामेभाऊ. बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झाला, इब्रामपूरच्या घरी राहतो आणि आमच्या ऑनलाइन आरती संग्रहाचा पेडणे विभाग सांभाळतो. सांभाळतो म्हणजे त्याच्यावर बसून असतो. एखादी आरती त्याच्याकडे पाठवली की ती बँकेतल्या अर्जासारखी पडून राहते, आणि विचारलं तर म्हणतो, बघतो.

संग्रह उभा केला तो संजनाने. ती मये गावची, कॉलेजात संगीत शिकवते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात घरोघर घुमटावर आरत्या म्हणतात. घुमट म्हणजे मातीच्या घटाच्या तोंडावर चामडं ताणून केलेलं आमचं वाद्य, ते काखेत धरून वाजवायचं आणि वाजवता वाजवता गळा मोकळा सोडायचा. प्रत्येक गावाच्या आरत्या वेगळ्या, चाली वेगळ्या, आणि गाणारी माणसं म्हातारी होत चाललेली. तेव्हा शब्द आणि स्वरलिपी एका जागी ठेवावी, ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी, पथकांनी बसवावी, एवढीच तिची इच्छा. तिने तालुक्यागणिक एकेक संयोजक नेमला. डिचोलीची मी. लग्न होऊन मी डिचोलीत आले आणि शाळेत संगीत शिकवण्यातच माझा जन्म गेला, त्यामुळे इथली निम्मी पथकं माझ्या हाताखालून गेलेली आहेत.

काम तसं बिनपगारी आणि डोकं फिरवणारं. लोक कागदाचा फोटो पाठवतात तो आडवा, वर स्वतःचा अंगठा. फाइलीचं नाव काय, तर 'आरती नवीन फायनल फायनल'. एकच आरती पाच गावांतून पाच नावांनी येते आणि प्रत्येक गाव म्हणतं, मूळ आमची. मी त्या वाचायच्या, गाऊन बघायच्या, सूर लिहायचे, ठेका लिहायचा, देव कुठला, गाव कुठलं, चाल कुठली ते नोंदवायचं आणि एकीशी दुसरी जुळली तर दोन्ही एका पानावर आणून बसवायच्या. हे सगळं मला आवडतं. माणसांपेक्षा आरत्या बऱ्या, त्या उलट बोलत नाहीत.

या संग्रहात मला एकच आरती मनापासून ठेवायची होती. माझ्या आईची.

माझी आई शेवंता. मी रांगत होते तेव्हा तिचं कुंकू गेलं आणि ती मला घेऊन माहेरी इब्रामपूरला परत आली. तिचा थोरला भाऊ पांडुरंग, म्हणजे माझा मामा, म्हणजे या गोकुळदासचा बाप. मामाने आम्हांला ठेवून घेतलं हे खरं, आणि ठेवून घेतलंय हे तो उठता बसता ऐकवी हेही तितकंच खरं. आई त्या घरात स्वयंपाकघराची झाली. चवथीला बाहेर फळाफुलांची माटोळी बांधलेली, तिच्याखाली गणपती, समोर सगळे पुरुष घुमटं घेऊन बसलेले, आणि आई आत, दाराच्या फळीमागे. विधवेने आरतीला पुढे यायचं नाही, असा मामाचा कायदा. देवाने असं काही सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आदोळीवर नारळ किसता किसता तिने आरती केली. मी समोर पाटावर बसून खोबरं खात असायचे, त्यामुळे मला कुणी सांगायची गरज नाही. 'दाराआडून पाहते तुजला, मोरया, ओले हात हे जोडिले तुजला, मोरया.' तिला ती कुणाला ऐकवायची नव्हतीच. मामाच्या कानावर पडली, आवडली, आणि मग तो घुमट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहायला लागला. पुढचं कडवं काय गो, म्हणून विचारायचा. ती किसणं न थांबवता सांगायची. तो चुकला की म्हणायची, "थंय स्वास घेव नको, ओळ मोडता." त्या वर्षीच्या चवथीपासून मामा ती माटोळीखाली बसून म्हणायला लागला. बाहेरच्या बाहेर ती मामाची आरती झाली. आईने कधी तोंडातून ब्र काढला नाही. मी मात्र तिच्यासारखी नाही, हे देवाने बरं केलं.

मामाचं स्वतःचं त्या आरतीत एक होतं, ते मी नाकारत नाही. ती म्हणजे झील. पुढे बसलेला गडी ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलून धरतात, त्या धरण्याला हल्लीची मुलं कोरस म्हणतात. आमच्या घरात झील म्हणत. मामा झील फार लवकर उचलायचा. आईची ओळ अजून 'तुजला'वर असायची, तोवर याने 'मोरया' सुरू केलेलं असायचं. बाईमाणसाचं बोलणं पुरं होऊ द्यायची त्याला सवयच नव्हती. पण ते दोन आवाज एकमेकांवर चढायचे तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा. अजून आठवलं की येतो, आणि त्याचा मला राग येतो.

आता दोघंही नाहीत. मी आरती स्वरलिपीसह लिहून काढली, रचना या जागी 'शेवंता, इब्रामपूर' असं घातलं आणि संग्रहात पाठवली. गाव पेडण्यातलं, म्हणून ती गेली गोकुळदासकडे. ह्या एका आरतीच्या बाबतीत त्याने अडवून ठेवणं वगैरे काही केलं नाही. संध्याकाळच्या आत ती लागली. रचना: कै. पांडुरंग. आणि पहिली ओळ: 'दाराआडून पाहतो तुजला'.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नाव बदललं ते बदललं, त्या माणसाने मात्रा बदलली! मी तिथल्या तिथे 'पाहते' केलं आणि आईचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने 'पाहतो' केलं. मी परत 'ते' केलं, त्याने परत 'तो' केलं. संग्रहात प्रत्येक बदल कुणी केला ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे काणकोणपासून पेडण्यापर्यंतचे संयोजक आमचा हा खेळ बघत होते आणि मजा घेत होते. माझा नवरा निलेश म्हणाला, एका मात्रेपायी एवढं रक्त आटवतेस? मी म्हटलं, तुमच्या नावातली एक मात्रा काढून बघू का? तो पेपर घेऊन बाहेर जाऊन बसला.

मी पानाखाली लिहिलं की दाराआड पुरुष कशाला उभा राहील, तो तर गणपतीपुढे मांडी घालून बसलेला असतो. गोकुळदासने उत्तर दिलं, दार म्हणजे मायेचं दार, जीव आणि शिव यांच्यामधलं. मी लिहिलं, आणि ओले हात? तो म्हणाला, स्नान करून आलेला भक्त. मी लिहिलं, तुझ्या बापाने आयुष्यात कधी भांडं विसळलं असतं तर ओले हात कशाने होतात ते त्याला कळलं असतं. ही ओळ संजनाने काढून टाकली. चांगली होती.

मग श्रावणात संजनाने डिचोलीत घुमट आरती स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक पथकाने एक आरती या संग्रहातूनच निवडायची, आणि ज्या आरत्यांवर वाद नाही त्यांचीच छापील पुस्तिका निघायची. एकदा पुस्तिका निघाली की पथकं तीच धरून चालणार, वर्षानुवर्षं, हे मला कळत होतं. जे नाव त्यात छापलं जाईल ते कायमचं, आणि जे राहील ते गेलं. आमची आरती वादाच्या यादीत. संजनाने आम्हां दोघांना मयेला घरी बोलावलं.

तिच्या घराच्या सोप्यावरून तळं दिसतं. गोकुळदास आधीच येऊन बसला होता आणि तळ्याकडे तोंड करून होता, म्हणजे माझ्याकडे बघायला नको. संजनाने उंडे पाव आणि पातळभाजी पुढे ठेवली. दोघांनीही हात लावला नाही.

"संजना, तेका सांग," मी म्हटलं, "आरती माझ्या आवशीची. आवस म्हणजे तेची आते. तिचा नाव घालूक हेका लाज कसली वाटता?"

"तिका सांग," तळ्याकडे बघत गोकुळदास म्हणाला, "चवथीक अख्खो गाव येय तो माझ्या बापाशीक आयकूक. आतेक कोण वळखी?"

"कशी वळखतली? तुझ्या बापाशीन तिका भायर काढली कधी?"

"संजना, ह्या बघ. ह्या असा बोलता. तेच्यासाठी मी इलंय नाय."

"तेका विचार, फुडचा कडवा तेचो बापूस खंय जाऊन विचारी? रांधपाच्या दारात जाऊन ना?"

"तू तेव्हा केदी होतंस गो? खोबरा खातलंस!"

"खातंय, आणि आयकतंय. दोन्ही एकदम जमता माका."

संजना आमच्या दोघांच्या मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. तिने शेवटी वैतागून ताट बाजूला सरकवलं. "टीचर, काका, तुमचं हे असंच चालणार असेल तर मी आरती काढून टाकते. पुस्तिका प्रेसमध्ये जायची आहे."

काढून टाकते म्हटल्यावर मात्र आमचं 'तेका सांग, तिका सांग' थांबलं. त्याला बापाचं नाव छापून हवं होतं. मला आईचं. आरतीच गेली तर दोघांच्याही तोंडाला पानं पुसली जाणार होती.

"रचना हा शब्दच नको," संजना म्हणाली. "नुसती दोन नावं घालूया. वर एक, खाली एक. कुणी काय केलं ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक."

"वर आई," मी म्हटलं.

गोकुळदासने बराच विचार केला. रचना हा शब्द जातोय म्हणजे आईला मान मिळत नाही, एवढं गणित त्याने मांडलं असावं. "वयर ऱ्हवांदे आतेक. मोठीच ती. पण खाली माझ्या बापाशीचा काय लिवतलंस?"

"कोरस: पांडुरंग?"

"कोरस?" आता पहिल्यांदाच त्याने तळ्यावरून नजर काढली. "कोरस लग्नात ब्यांडवाले म्हणतत. माझो बापूस झील ओढी. झील! पेडण्यासून लोक येयत ती आयकूक. झील लिव."

मला हरकत नव्हती. झील त्याचीच होती. "पण 'पाहते' ऱ्हवतला," मी म्हटलं.

"ऱ्हवांदे. भक्त देवाफुडे सोताक बायल समाजताच. मधुरा भक्ती म्हणतत तेका." बँकेतल्या माणसाला मधुरा भक्ती कुठून सुचली देव जाणे, पण मी ते गिळलं. संजनाने तिथेच लॅपटॉप उघडून टंकलं. वर शेवंता. खाली झील पांडुरंग. मग आम्ही दोघांनी उंडा मोडला, आपापल्या कोपऱ्यात बसून.

घरी येताना मला अगदी हलकं वाटत होतं. आईचं नाव कुठेतरी पहिल्यांदाच छापलं जाणार होतं. शिधापत्रिका आणि मृत्यूचा दाखला सोडला तर त्या बाईचं नाव कुठेच छापलेलं नव्हतं. मी निलेशला म्हटलं, आज पुरणपोळ्या करते. त्याने विचारलं, भांडण मिटलं? मी म्हटलं, छे, जिंकले.

पुस्तिका आली ती स्पर्धेच्या सकाळी, सभागृहाच्या दारात वाटायला ठेवलेली. छापणाऱ्याने जागा वाचवायला दोन ओळींची एक केली होती: शेवंता, झील पांडुरंग. मी आईच्या नावावरून बोट फिरवलं आणि पुस्तिका मिटली. तिथेच मला कळायला हवं होतं. पण आमच्या भांडणात झील हा शब्द इतक्यांदा येऊन गेला होता की त्याचा आणखी एक अर्थ आहे हे माझ्या डोक्यातून पार गेलेलं. आणि तेही मी पेडण्याची असून.

सभागृह भरलेलं होतं. गोकुळदास पहिल्या रांगेत, संयोजक म्हणून छातीला बिल्ला लावून. मीही पहिल्या रांगेत, माझ्याही छातीला बिल्ला, आमच्यामध्ये दोन खुर्च्या आणि त्यांवर त्याचे इब्रामपूरचे लांबच्या नात्यातले दोन चुलते. सूत्रसंचालनाला होता नितीन, पेडण्यातला मास्तर. हा माणूस माईक हातात आला की सोडत नाही. प्रत्येक आरतीआधी त्याचं एक छोटं भाषण व्हायचं आणि आरतीनंतर एक मोठं.

आईची आरती घेतली होती साखळी गावच्या बायकांच्या पथकाने. पुढे सुविधा नावाची एक तरतरीत बाई, घुमट काखेत, पदर खोचलेला. तिने 'दाराआडून' असा सूर लावला. अकरा जणी मांडी घालून बसल्या होत्या, दिव्याच्या झोतात, समोर. ओळ 'तुजला'पर्यंत पोचायच्या आत मागच्या जणींनी 'मोरया' उचललं, मी लिहून दिलं होतं अगदी तसं. दोन आवाज एकमेकांवर चढले. मी रडले, त्यात लपवायचं काही नाही. टाळ्या पडल्या त्या थांबेनात.

मग नितीनने माईक घेतला.

"रसिकहो, ह्या आरतीचा कवी कोण ते पुस्तिकेत बघा! शेवंता, झील पांडुरंग! शेवंता नावाची एक माऊली आणि तिचा हा गुणी झील, पांडुरंग! आपलं नाव मागे ठेवून ह्या झिलाने आपल्या आवशीचं नाव पुढे घातलं. असे झील आज कुठे मिळतात?"

आमच्या पेडण्यात झील म्हणजे मुलगा. तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं ते.

सभागृहातून पसंतीचे आवाज आले. बायकांनी माना हलवल्या. नितीन थांबायला तयार नव्हता. "आणि प्रतिभा बघा! पुरुष असून त्याने काय लिहिलं? 'पाहते'! पाहतो नव्हे, पाहते! आईच्या काळजात शिरल्याशिवाय हे सुचणार नाही. दाराआड उभी असलेली आई ह्या झिलाला दिसली, रसिकहो! एकदा त्या पांडुरंगासाठी टाळ्या!"

पुन्हा टाळ्या. ज्या एका अक्षरासाठी मी महिनाभर भांडले, ते अक्षरही पुरुषाच्याच खात्यात जमा झालं होतं, आणि वर त्याला आईचं काळीज कळतं म्हणून शाबासकी. आईचं नाव छापून आलं होतं. कशासाठी, तर एका मुलाने मनाचा मोठेपणा दाखवून ते तिथे घातलं म्हणून.

शेजारी गोकुळदासचा एक चुलता वाकून त्याला म्हणाला, "म्हणजे शेवंता तुझी आजी रे?" दुसरा फसकन हसला. गोकुळदासची कानशिलं लाल झाली होती. ज्या बहिणीला बापाने दाराबाहेर येऊ दिलं नाही, तिच्याच पोटी तो बाप भर सभेत जन्माला घातला गेला होता. दुसरा एखादा दिवस असता तर मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले असते.

मी उठले आणि मंचावर गेले. नितीन म्हणाला, "टीचर, संयोजकांचं मनोगत शेवटी आहे." मी त्याच्या हातातून माईक काढून घेतला. मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही, वर्गात निघतो तसाच निघाला.

"माझ्या आवशीक झील नव्हतो," मी म्हटलं. "शेवंता माझी आवस. तिका एकच चेडू. ता हयसर तुमच्या म्होरे उभा आसा."

नितीनने एकदा पुस्तिकेत पाहिलं, एकदा माझ्याकडे. पण मास्तर तो मास्तरच, त्याला प्रश्न सुचला. "मग टीचर, हे पांडुरंग कोण?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. माझा मामा, आरतीवर डल्ला मारणारा. पण मी म्हटलं तर ते माझं म्हणणं झालं असतं, आणि माझं म्हणणं गेल्या महिन्याभरात सगळ्या गोव्याने वाचलेलं होतं. मी माईक नितीनला परत दिला आणि पहिल्या रांगेकडे बोट केलं. "तेका विचार. पांडुरंगाचो झील तो. तो सांगतलो."

सगळं सभागृह गोकुळदासकडे बघायला लागलं. तो अर्धवट उठला. चुलते अजून हसत होते, आणि मला वाटतं त्याला त्या क्षणी त्यांच्या हसण्यापलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. नितीनने खाली उतरून माईक त्याच्या तोंडापाशी धरला.

"पांडुरंग माझो बापूस," गोकुळदास म्हणाला. "शेवंतेचो झील कसो आसतलो? भाव तो तिचो! थोरलो भाव!"

"पण इथे तर झील छापलंय," नितीनने पुस्तिका पुढे केली.

"ती झील न्हय रे! ही झील म्हणजे मागसून म्हणतत ती. माझो बापूस मागसून म्हणी!"

"असं, असं. म्हणजे आरती शेवंताबाईंची?"

"मगे कोणाची?" गोकुळदास खेकसला.

खेकसला, आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. माईक त्याच्या तोंडापाशीच होता, त्यामुळे ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं होतं. तो तसाच उभा राहिला, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. साखळीच्या बायकांमधून सुविधाने टाळी वाजवली, मग तिच्या मागच्या दहाजणींनी, आणि मग सगळ्यांनी. ह्या टाळ्या कुणा पांडुरंगासाठी नव्हत्या.

गोकुळदासने ते माझ्या आईसाठी म्हटलं नाही. स्वतःच्या बापाला बहिणीच्या मांडीवरून खाली उतरवायला म्हटलं. मला चालतं. चांगल्या मनाने कुणी बोलेल म्हणून आईने आयुष्यभर वाट पाहिली आणि काही मिळालं नाही. मला वाईट मनाने का होईना, पण सगळ्या सभागृहादेखत मिळालं, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा माझ्या लग्नातही झाला नव्हता. बाहेर पडताना तो दारात भेटला. मी म्हटलं, चवथीला येते हं आरतीला, पुढे बसायला. तो चप्पल शोधत राहिला.

दुसऱ्या दिवशी संजनाने पान उघडून दिलं. आता वाद उरलेला नाही, टीचर, तुम्हीच दुरुस्त करा, म्हणाली. मी वर लिहिलं, रचना: शेवंता. मग झील हा शब्द काढला. तो ठेवला तर उद्या दुसरा कुणी मास्तर उठेल. त्या जागी मी गोकुळदासच्याच तोंडचे शब्द घातले, चार माणसांपुढे बोललेले, म्हणजे त्याला तक्रार करायला तोंड नको: मागून म्हणणारे: पांडुरंग आणि इतर.

संजनाचा लगेच फोन आला. "टीचर, बाकी ठीक आहे. पण 'आणि इतर' कशाला?"

"अगो, झील काय एकट्यान ओढतत?" मी म्हटलं.